कमी दाखवते ती खरी

आपण सॉफ्टवेअरवाले म्हटलं की नातेवाइकांच्या दृष्टीने आपण प्रिंटरपासून गिझरपर्यंत सगळं दुरुस्त करणारे. माझे विकांत निम्मे ह्यातच जातात. तक्रार नाही. पण ह्या वेळी जे झालं त्यात चूक माझीही होती, म्हणून लिहून टाकतो.

माझे मामा वाईला असतात. निवृत्त शिक्षक, गणिताचे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी नवा लॅपटॉप घेतला, २५६ जीबीची एसएसडी असलेला. दुसऱ्याच दिवशी फोन. "अरे, ह्यात २३८ जीबीच दिसतायत. १८ जीबी दुकानदाराने खाल्ले की काय?"

मी नेहमीचं प्रवचन दिलं. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ गुणिले १०२४ गुणिले १०२४ असं मोजतं, म्हणजे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइट. २५,६०० कोटीला त्याने भागा, २३८ च येतात. बाइट तेवढेच आहेत, कोणी काही खाल्लेलं नाही.

मामांनी कागदावर भागाकार केला असणार, कारण पाच मिनिटांनी परत फोन. "हिशेब बरोबर आहे. पण मग दोघं त्याला जीबीच का म्हणतात?"

मी म्हटलं, "मामा, ते तसंच असतं. लक्ष नाही द्यायचं."

हे वाक्य मला पुढे महागात पडलं. मला म्हणजे, मामांना.

खरं तर त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. घरातली नऊवारी मीटरच्या टेपने मोजली तर सव्वाआठच्या आसपासच भरते. लुगडं तेवढंच, माप वेगळं. त्यात गोंधळ काहीच नाही. पण टेपवर मीटरच्या खुणा असताना वर "वार" असं छापलं, तर घरातली बाई दुकानदाराशी भांडायला जाणारच! विंडोज आजही नेमकं हेच करतं. मोजतं १०२४ च्या पटीत आणि पुढे लिहितं जीबी. ह्या मापासाठी १९९८ सालीच वेगळं नाव ठरलं आहे, गिबीबाइट. ॲपलने २००९ मध्ये स्नो लेपर्डपासून सरळ दशमान मोजणी सुरू केली, म्हणून मॅकवर ५०० ची डिस्क ५०० च दिसते. विंडोजवर तीच ४६५. आणि माप जितकं मोठं तितकी ही तफावत वाढते. जीबीला सात टक्क्यांच्या आसपास, टीबीला नऊ टक्क्यांच्या.

असो. पुढची गोष्ट.

मागच्या वर्षी मामांचा लॅपटॉप भरत आला. मोबाइलमधले, जुन्या कॅमेऱ्यातले सगळे फोटो त्यातच. त्यांनी ऑनलाइन एक बाहेरून जोडायची एसएसडी मागवली. २ टीबी, ८९९ रुपये. मला फोन केला तेव्हा स्वारी खुशीत होती. "तुझ्या त्या कमी दाखवणाऱ्या डिस्कसारखी नाही रे ही. पुरते दोन टीबी दिसतायत!"

इथे माझी ट्यूब पेटायला हवी होती. २ टीबीची खरी डिस्क विंडोजवर १.८१ दिसते. पुरते दोन दिसतायत म्हणजे एकतर चमत्कार, नाहीतर बनवाबनवी. त्यात किंमत ८९९. पण मी मीटिंगमध्ये होतो. "छान छान" म्हणून फोन ठेवला.

मामांनी रात्रभर फोटो कॉपी केले. वर्षवार फोल्डर, २००९ पासूनचे. सकाळी शिक्षकी सवयीने तपासलेही. पहिले चार-पाच फोल्डर उघडून बघितले, सगळं व्यवस्थित. मग लॅपटॉपवरचे काढून टाकले, रिसायकल बिनही रिकामी केली.

दोन महिन्यांनी २०१८ चा फोल्डर उघडायला गेले. फाइलींची नावं होती, आकार होते, पण एकही उघडेना. त्यात आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या होत्या. अकरा रेकॉर्डिंग. आजी त्याच्या पुढच्या वर्षी गेली.

शनिवारी वाईला गेलो. डिस्कचं कवच उघडलं तर आत एक छोटासा बोर्ड, आणि त्यावर मोबाइलमध्ये घालतो तसलं ६४ जीबीचं मेमरी कार्ड. ह्या फसवणुकीची तऱ्हा अशी, की आतलं फर्मवेअर कॉम्प्युटरला बिनदिक्कत सांगतं, "माझ्याकडे दोन टीबी आहेत." कॉम्प्युटर विश्वास ठेवतो. डिस्कची क्षमता म्हणजे डिस्कने स्वतः दिलेलं उत्तर, बाकी काही नाही. खरी जागा संपल्यावरही ती "लिहिलं, लिहिलं" म्हणत राहते आणि आलेला डेटा टाकून देते. काही डिस्क तर पुन्हा सुरुवातीपासून लिहितात आणि आधीचंही घालवतात. नावांची यादी मात्र शाबूत, म्हणून वरून सगळं जागेवर दिसतं. मामांनी तपासले ते फोल्डर नेमके पहिल्या ६४ जीबीतले होते.

लॅपटॉपमधून परत काढता येतील का तेही बघितलं. जुन्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल बरेचदा परत मिळायची, कारण डेटा तिथेच पडून असायचा. एसएसडीला मात्र ट्रिम नावाची आज्ञा जाते, "ही जागा आता मोकळी समज." मग डिस्क सवडीने ती खरोखरच साफ करते. दोन महिन्यांनी तिथे काय राहणार...

चार ओव्या मिळाल्या. कुठे? माझ्या आईच्या व्हॉट्सॲपवर. मामांनी तेव्हा फॉरवर्ड केल्या होत्या. फॉरवर्डला आपण इतकी नावं ठेवतो, पण ह्या घरात बॅकअप म्हणून तेवढंच कामी आलं. सात गेल्या त्या गेल्याच.

आता मुद्दा. फसवणारा तर दोषी आहेच. पण खरी डिस्क ज्याला कमी दिसते आणि खोटी पूर्ण दिसते, त्या माणसाने कोणावर विश्वास ठेवायचा? वर्षानुवर्षं आपण लोकांना "आकडा जुळत नसला तरी तसंच असतं" असं शिकवलं. आकड्याकडे लक्ष न द्यायची सवय आपणच लावली. विंडोजने एक अक्षर बदलून जीआयबी लिहिलं किंवा दशमान मोजलं, तर हा गोंधळ निम्मा संपेल. आणि विकणाऱ्या साइटींनी तक्रार आलेली एक डिस्क भरून बघितली, तरी एका रात्रीत खरं-खोटं कळेल.

ते होईपर्यंत आपण एवढं तरी करू. कोणी विचारलं तर प्रवचन न देता आधी नेमका आकडा विचारायचा. डब्यावरच्या जीबीला ०.९३१ ने गुणून तेवढाच येत असेल तर ठीक (टीबीत दिसत असेल तर ०.९०९). त्याहून बराच कमी असेल तर डिस्क मॅनेजमेंट उघडायचं. जुन्या डिस्कची प्रत नव्या, मोठ्या डिस्कवर केली असेल तर उरलेली जागा तिथे न वाटलेली पडून असते. ४ टीबीतले दोनच वापरता येत असतील तर जुनी एमबीआर पद्धत, ती दोनाच्या पुढे मोजू शकत नाही. चालती डिस्क एकाएकी शून्य किंवा काही एमबी दाखवू लागली तर फर्मवेअर बिघडलंय. २०११ साली इंटेलच्या ३२० मालिकेतल्या काही एसएसडी वीज गेल्यावर ८ एमबी दाखवायला लागल्या होत्या. अशा वेळी फॉरमॅट करायचं नाही, हातच लावायचा नाही. आणि आकडा जास्त दिसला तर ती डिस्क वापरायचीच नाही.

पण बरोबर दिसणारा आकडाही पुरावा नव्हे, तोही बनवता येतो. रिकामी डिस्क पूर्ण भरायची आणि परत वाचून ताडून बघायची, हाच पुरावा. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफथ्री, दोन्ही फुकट. आणि दुसरी प्रत असल्याशिवाय पहिली पुसायची नाही.

परवा मामांचा फोन आला. नवी डिस्क आणलीय, ह्या वेळी गावातल्या दुकानातून, पावती घेऊन. "५०० ची आहे. ४६५ दिसतायत. म्हणजे खरी ना रे?"

मी म्हटलं, "मामा, आकडा बरोबर आहे. पण आज रात्री भरून बघू."

दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकणारच. रात्रभर भरली, सकाळी ताडून बघितली. खरी निघाली. आईकडच्या चार ओव्या पहिल्यांदा तिच्यावर टाकल्या, आणि माझ्याकडेही ठेवल्या.