एक तृतीयांश जमीन कुठे गेली?



गेल्या महिन्यात परळच्या एका चाळीत गटाची बैठक होती. खोली दहा बाय बाराची, आत सासरे आजारी. म्हणून आम्ही अकरा जणी जिन्यात बसलो. जाणारा-येणारा प्रत्येक जण "जरा सरका" म्हणे. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलायला आलेली एक बाई दर वेळी मध्येच थांबायची. शेवटी ती काहीच न सांगता उठून गेली. अजून परत आलेली नाही. जवळची बाग दुपारी बंद असते. समोर गिरणीच्या जागी टॉवर आहे, त्यात हिरवळही आहे, पण ती आतल्यांची.

हे असेच व्हायला हवे होते असे नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. सुमारे ६०० एकर जमीन! १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तिचे तीन वाटे केले : एक पालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. आता वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालची वगळून. शेड आणि गोदामांनी भरलेल्या गिरणीत मोकळे ते किती उरणार? एक पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेली. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

खरे सांगायचे तर आमच्यातल्या अनेकींना बागेचा प्रश्न फावल्या वेळेचा वाटत आला आहे. मलाही वाटे. आधी रेशन, पाणी, हुंडाबळी, झाडे मग. त्या जिन्यात मात्र मला कळले की बाईला घराबाहेर बसायला जागाच नसेल, तर ती बोलणार कुठे? पुरुषांना नाका आहे, पानाची टपरी आहे.

आणि पडीक जागेचे काही होत नाही असेही नाही. धारावीला लागून मिठीच्या काठी कचऱ्याचा डेपो होता. तिथे झाडे लावून १९९४ मध्ये ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले. तिथे आत जायला तिकीट लागते, ही आमची तक्रार आहेच.

परळचा गट आता पालिकेला अर्ज देतो आहे : बाग दुपारी उघडी हवी, बायकांसाठी संडास हवा, संध्याकाळी दिवे हवेत. तुमच्या गावात बंद कारखाना, जुना जकात नाका, पडून राहिलेला डेपो असेल, तर विकास आराखड्यात त्या जागेवर कसले आरक्षण आहे ते नगरपालिकेत जाऊन पाहा आणि पुढच्या अंकासाठी आम्हाला कळवा.