विश्लेषण : लाकडापासून धागा काढण्यापूर्वी त्याला ‘वाफारा’ कशासाठी?

व्हिस्कोस किंवा रेयॉन नावाने विकले जाणारे मऊ कापड लाकडाच्या लगद्यापासून बनते. कल्याणजवळच्या शहाडमध्ये हा धागा अनेक दशके तयार होत आहे. त्यासाठीच्या ‘डिझॉल्व्हिंग पल्प’ची कळीची पायरी म्हणजे लाकूड शिजवण्यापूर्वीचे ‘प्री-हायड्रोलिसिस’. ती अखंड पद्धतीनेही चालवता येते. त्याने काय साधते?

कागदाचा लगदा का चालत नाही?

लाकडात साधारण ४० ते ४५ टक्के सेल्युलोज असते. उरलेला मुख्य भाग हेमिसेल्युलोज आणि लिग्निनचा. कागदात हेमिसेल्युलोज तंतूंना एकमेकांशी बांधते. व्हिस्कोसमध्ये मात्र ते द्रावण गाळताना अडथळा आणते आणि धाग्याचा दर्जा घटवते. म्हणून ९० टक्क्यांहून अधिक शुद्ध सेल्युलोज लागते. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड वापरणारी क्राफ्ट प्रक्रिया लिग्निन काढते, पण बरेचसे हेमिसेल्युलोज मागे राहते.

प्रक्रिया कशी होते?

लाकडाच्या चिप्स सुमारे १६० ते १७० अंश सेल्सियसच्या वाफेत किंवा पाण्यात ठेवतात. लाकडातूनच अ‍ॅसेटिक आम्ल सुटते आणि हेमिसेल्युलोजच्या साखळ्या तोडते. वेळ जास्त झाल्यास सेल्युलोजही तुटू लागते.

अखंड पद्धतीत वेगळे काय?

बॅच पद्धतीत प्रत्येक वेळी पात्र भरणे, तापवणे, रिकामे करणे आले. अखंड पद्धतीत चिप्स वरून सतत खाली सरकतात. उष्णता वाचते, दर्जा एकसारखा राहतो. अडचण चिकट्याची आहे. आम्लयुक्त द्रवातून लिग्निनचे चिकट कण बाहेर पडून जाळ्या आणि नळ्या बुजवतात. त्या साफ करण्यासाठी यंत्र थांबवले, की उत्पादनही थांबते.

विरघळलेल्या भागाचे काय?

क्राफ्ट पद्धतीने कागदाचा लगदा लाकडाच्या जवळपास निम्मा मिळतो; डिझॉल्व्हिंग पल्प ३५ ते ४० टक्केच. म्हणजे तेवढ्याच लगद्यासाठी जास्त झाडे लागतात. विरघळलेल्या शर्करांपासून झायलिटॉल, फरफ्युरल बनू शकते. पण द्रव पातळ असल्याने त्या वेगळ्या करणे महाग पडते. त्यामुळे तो बहुधा काळ्या द्रावणासोबत बॉयलरमध्ये जाळला जातो.

भारताचा संबंध काय?

कर्नाटकातील हरिहर येथे निलगिरीपासून रेयॉन दर्जाचा लगदा बनतो, तरी आयातीवरचे अवलंबित्व मोठे आहे. केरळमधील मावूरचा लगदा-तंतू कारखाना चालियार नदीच्या प्रदूषणाविरोधातील दीर्घ आंदोलनानंतर २००१मध्ये बंद झाला. लाकडातून काढून टाकलेला भाग कुठे जातो, हा प्रश्न म्हणूनच धाग्याच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा ठरतो.