जमा कोणाच्या, नावे कोणाच्या?

उन्हाळ्यात भाटघरचे पाणी उतरले की कांबरेश्वराचे देऊळ वर येते. लांबलांबून माणसे ते पाहायला जातात, फोटो काढतात. आजूबाजूला कधीकाळी शेते होती, हे मात्र थोडे निरखून पाहिले तरच उमगते.

भोर आणि वेल्हे हे धरणांचे तालुके. वेळवंडीवरचे भाटघर १९२८ साली पुरे झाले. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. भाटघरचे पाणी नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरला आणि उजव्याने फलटण-माळशिरसला गेले. तिकडे ऊस उभा राहिला. पानशेत-वरसगावचे पाणी पुणेकरांच्या नळाला आले. मग हे योग्य झाले की अयोग्य?

बेंथॅम आणि मिल यांना विचाराल तर ते परिणामांचा हिशेब मांडतील. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख ज्यात, ते योग्य. थोडी गावे बुडाली, चार तालुके भिजले, धरण योग्य! टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त हे मत बारकाईने तपासले आहे. नुसत्या बाह्य परिणामांवर नीती तोलता येत नाही, असा त्यांचा निर्वाळा.

मी जन्मभर बँकेत हिशेबच केले. म्हणून माझी शंका बँकेच्याच भाषेत मांडतो. एका खातेदाराचे हजार रुपये, त्याला न विचारता, दुसऱ्या पाच जणांच्या खात्यांत जमा केले, तर संध्याकाळी शाखेची बेरीज बिनचूक जुळेल. पाच जण खूशही होतील. पण आपण त्याला अफरातफर म्हणतो. एकाचे नुकसान दुसऱ्याच्या फायद्यातून वळते करता येत नाही, कारण ती दोन वेगळी माणसे आहेत. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, असे कांट सांगतो ते यासाठीच. अमेरिकेच्या जॉन रॉल्सने १९७१ साली सुखवाद्यांवर हाच आक्षेप घेतला.

कर्तव्याची ही वाट मला पटते. पण तीही पुरी पडत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो.

नव्वदीच्या दशकात मी भोर भागातल्या एका शाखेत अधिकारी होतो. एक म्हातारबाबा धरणाच्या मोबदल्याचा चेक घेऊन आले. "सायेब, ह्या पैशाचं काय करू?" आम्हाला ठेवींचे उद्दिष्ट गाठायचे होते. मी मुदत ठेवीचा अर्ज पुढे सरकवला. नियम एकही मोडला नाही, व्याज वेळेवर दिले. पुढे लग्नकार्यात आणि आजारपणात ठेव मोडली. तोवर जमिनीचे भाव त्यांच्या आवाक्याबाहेर गेले होते. मी खोटे बोललो नव्हतो. पण भल्या माणसाने विचारले असते, "बाबा, दुसरी जमीन बघितलीत का?" ॲरिस्टॉटलचा प्रश्न हाच आहे. तू काय केलेस, एवढेच नव्हे. तू माणूस कसा आहेस?

धरणे बांधूच नयेत, असे मी म्हणणार नाही. पुण्यात मी तेच पाणी पितो. पण हिशेबाचा क्रम चुकू नये. रक्कम ज्याच्या नावे पडणार त्याला आधी विचारावे, त्याचे देणे चुकते करावे आणि बेरीज मग मांडावी. राज्यात पुनर्वसनाचा कायदा व्हायला १९७६ साल उजाडले. तोवर भाटघर भरून जवळजवळ अर्धे शतक लोटले होते.

कायदा झाला तरी टेबलामागे माणूसच बसतो. त्या दिवशी तिथे मी बसलो होतो.