काशीत मरणाची सवय असते म्हणे!

दुर्गाघाटच्या मराठी वाड्यांत बसून एक युक्तिवाद फार सहज करता येतो. एप्रिल २०२१मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, बनारसच्या इस्पितळांत जे झालं, त्याचा डॉक्टर-नर्सांनी एवढा बाऊ कशाला करावा? मणिकर्णिका घाट इथून चालत गाठता येतो, चिता रात्रंदिवस जळतात, आणि काशीतलं मरण म्हणजे मुक्तीच. शिवाय मरण पाहणं हा त्यांचा रोजचाच धंदा. थोडं ध्यान, थोडं समुपदेशन, की झालं.

मरण त्यांनी महामारीआधीही पाहिलं होतं. साथीत मात्र ते वाटावं लागलं. हिशेब करून पाहा. जम्बो सिलिंडरात सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १५ लिटर लागणाऱ्या एका रुग्णाला तो आठ तासही पुरत नाही. शेजारच्या खाटेवर ऑक्सिमीटर ७८ दाखवतोय, पुढची गाडी कधी येईल कुणी सांगत नाही. रात्रपाळीची नर्स पहिल्याच्या फ्लोमीटरचा नॉब थोडा आवळते. आपण काय करतोय हे तिला पक्कं ठाऊक असतं. अँड्र्यू जेमटन या अमेरिकी अभ्यासकाने १९८४ साली परिचारिकांविषयीच्या पुस्तकात हीच कुचंबणा मांडली होती: योग्य काय ते कळतं, पण संस्था ते करू देत नाही. इथे ध्यानधारणा काय करणार, कपाळ?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आणीबाणीत निवड कुणाला तरी करावीच लागते. डॉक्टर नाही तर कोण? मान्य. पण एकट्याने, पहाटे तीनला, तोंडी? मूळ पैठणच्या, काशीत नांदलेल्या भट्ट घराण्यातल्या कमलाकरभट्टांनी १६१२मध्ये ‘निर्णयसिंधु’ रचला. तिथीचा घोळ पडला की भटजीने आपल्या मनाचा निकाल देऊ नये, ग्रंथावर बोट ठेवावं, ही त्याची सोय. एकादशी कोणती धरायची याला ग्रंथ, आणि व्हेंटिलेटर कुणाला लावायचा याला फोनवरचा हुकूम! इटलीतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने ६ मार्च २०२०लाच असे निकष लेखी जाहीर केले. त्यांवर टीका झाली, पण ती संघटनेने झेलली.

आपण मात्र त्याच वर्षी २२ मार्चला या ‘योद्ध्यां’साठी थाळ्या बडवल्या, ३ मे रोजी हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली. पुढच्या वर्षी बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात कोविड रुग्णालय उभं राहिलं, त्याला नाव दिलं गायक पं. राजन मिश्रांचं. त्यांच्यासाठी दिल्लीत घरच्यांना व्हेंटिलेटर शोधत धावाधाव करावी लागली होती. खाटा वाढल्या, बरंच झालं. पण निकषांचं काय?

महाराष्ट्राने याहून पुढची मजल मारली. नोव्हेंबर २०२१मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला, दहाहून अधिक रुग्ण दगावले, आणि अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला व तीन परिचारिकांना. कालपर्यंत योद्धा, आज आरोपी.

तेव्हा पुढच्या साथीआधी निकष कागदावर उतरवा, खाली अधिष्ठात्यांची सही घ्या आणि तो कागद प्रत्येक वॉर्डात लावा. समुपदेशक मागाहून पाठवलेत तरी चालेल.