आचरेकर सरांचा रुपया आणि आपली मुले

एप्रिल-मेच्या सुट्ट्या लागल्या की दादरच्या शिवाजी पार्कचे रूप पालटते. उजाडण्यापूर्वीच खांद्यावर स्वत:च्या वजनाइतकी किटबॅग घेतलेली मुले मैदानात शिरू लागतात. नेट बांधली जातात आणि मैदानाभोवतीच्या कट्ट्यावर पालक आपापल्या जागा धरतात. मग आत मुलाचा सराव आणि बाहेर पालकांचे समालोचन, असे दोन खेळ एकाच वेळी सुरू होतात. ‘पाय पुढे टाक’, ‘डोके स्थिर ठेव’, ‘तो चेंडू का सोडलास?’ प्रत्येक चेंडूनंतर मुलाची नजर गोलंदाजाकडे न जाता कट्ट्याकडे वळते. आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी या दृश्याचा शांतपणे विचार करण्याची वेळ आली आहे.

या धडपडीमागे माया आहे, त्याग आहे, यात शंका नाही. तथापि तिच्यात आता एक आकडाही मिसळला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये झालेल्या आयपीएलच्या लिलावात बिहारच्या तेरा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीला १ कोटी १० लाख रुपयांना करारबद्ध करण्यात आले. त्या मुलाच्या गुणवत्तेचे कौतुकच करावयास हवे. पण असा आकडा घराघरांत पोहोचला की नेटची फी ही गुंतवणूक वाटू लागते आणि गुंतवणूक म्हटली की परतावा आलाच. मुलाने घाम गाळावा म्हणून कोणी चौकारामागे पैसे देऊ करतो, कोणी शतकाला सायकल कबूल करतो, तर कोणी अपयशानंतर दिवसभर अबोला धरतो. अशाने मुलाचा प्रयत्न वाढतो काय? मानसशास्त्रज्ञांनी गेली पन्नासहून अधिक वर्षे या प्रश्नाचा अभ्यास केला आहे. त्यांचे निष्कर्ष तपासून पाहण्यासाठी दादरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. शिवाजी पार्कवरचे एक रुपयाचे नाणे त्यासाठी पुरेसे आहे.

यष्टीवरचे नाणे

रमाकांत आचरेकर सर आणि त्यांचा रुपया ही कथा सर्वांना ठाऊक आहे. दिवसभराच्या सरावानंतर सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिन तेंडुलकरला बाद करील त्या गोलंदाजाचा तो रुपया, आणि शेवटपर्यंत कोणीच बाद करू शकले नाही तर सचिनचा. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत आणि आपल्या दृष्टीने ती अत्यंत मोलाची असल्याचे त्याने वारंवार सांगितले आहे. २०१४ साली प्रकाशित झालेल्या आत्मचरित्रात त्याने त्या दिवसांचे वर्णन केले आहे. सुट्टीच्या ६० दिवसांत ५५ सामने, सकाळ-संध्याकाळ नेट, आणि सर्व आटोपल्यावर पॅड व ग्लोव्हजसह मैदानाला दोन फेऱ्या.

या कथेचा सर्वसाधारण अर्थ असा लावला जातो की, बक्षीस लावले म्हणून मुलगा टिकून खेळला. हा अर्थ घेऊनच अनेक पालक घरी बक्षिसांची यादी करतात. वस्तुत: संशोधन नेमके याच्या उलट दिशेला बोट दाखवते.

१९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन व रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे बालवाडीतील मुलांवर एक साधा प्रयोग केला. चित्रे काढण्याची आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले की, चित्र काढलेस तर सोनेरी शिक्का व फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता ते अनपेक्षितपणे दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात पुन्हा रंग ठेवले, पण या वेळी बक्षिसाचा विषय नव्हता. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले आता इतरांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ चित्रे काढू लागली होती. अनपेक्षित प्रशस्तिपत्र मिळालेल्यांची किंवा काहीच न मिळालेल्यांची आवड मात्र घटली नव्हती. आवडीने करावयाच्या गोष्टीला मोबदला चिकटला आणि ती गोष्ट मुलांच्या लेखी ‘काम’ झाली.

एडवर्ड डेसी यांना १९७१ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतही हेच आढळले होते. पुढे १९९९ साली डेसी, कोस्टनर व रायन यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. आधी कबूल केलेले, हातात पडणारे बक्षीस आंतरिक ओढ कमी करते. ‘तुला हे जमले’ असे सांगणारी मनापासूनची दाद ती वाढवते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. या मताला विरोध करणारे अभ्यासकही आहेत आणि वाद पूर्णपणे मिटलेला नाही. परंतु एक गोष्ट बहुतेकांना मान्य आहे, ती ही की, बक्षीस किती मोठे यापेक्षा ते मुलाला काय सांगते हे महत्त्वाचे असते.

याचा पडताळा मैदानावरही आला. अमेरिकेत खेळाडूंना महाविद्यालये शिष्यवृत्ती देतात. १९८० च्या सुमारास क्रीडा मानसशास्त्रज्ञ ई. डी. रायन यांनी पाहिले की, शिष्यवृत्ती घेणाऱ्या फुटबॉलपटूंची खेळातील गोडी शिष्यवृत्ती नसलेल्यांपेक्षा कमी होती. कुस्तीगीर व महिला खेळाडू यांच्यात मात्र तशी घट दिसली नाही. फुटबॉलमध्ये शिष्यवृत्त्या मुबलक होत्या आणि त्या वेतनासारख्या वाटत. कुस्तीत व मुलींच्या खेळांत त्या दुर्मीळ असल्याने ज्याला मिळाली त्याच्या लेखी ती गुणवत्तेची खूण होती.

आता पुन्हा यष्टीवरच्या नाण्याकडे पाहू. ऐंशीच्या दशकातही एका रुपयात वडापावापलीकडे फारसे काही येत नव्हते. एवढ्या रकमेसाठी कोणी थकल्या अंगाने पुन्हा उभा राहत नाही. तो रुपया मेहनतीची किंमत नव्हता, ती होती सरांच्या हातची पावती. आज तू बाद झाला नाहीस, एवढेच ती सांगे. शिवाय ते नाणे गोलंदाजांसाठीही होते, त्यामुळे लाच न ठरता ती पैज ठरली. पैज हा खेळाचाच भाग असतो. लाच खेळाच्या बाहेरून येते. सरांनी मानसशास्त्राचे प्रबंध वाचले होते की नाही हा प्रश्नच गौण आहे. स्टेट बँकेत नोकरी करून कामत मेमोरियल क्लबच्या मुलांत आयुष्य काढलेल्या या माणसाला मुलांचे मन कळत होते.

झाडाआडून पाहणारे गुरू

प्रेरणेइतकाच महत्त्वाचा प्रश्न निर्णयाचा आहे. १९८४ च्या उन्हाळ्यात अजित तेंडुलकर आपल्या अकरा वर्षांच्या धाकट्या भावाला शिवाजी पार्कवर घेऊन आले, तेव्हा सरांसमोर तो गोंधळला व त्याला नीट खेळता आले नाही. अजितने विनंती केली की, आणखी एक संधी द्यावी, पण तुम्ही पाहत आहात हे त्याला कळू नये. सर निघून गेल्यासारखे दाखवून झाडाआडून पाहत राहिले. मुलगा मोकळा झाला, खेळला आणि निवडला गेला.

रॉबर्ट झायोन्क यांनी १९६५ मध्ये मांडलेला सिद्धांत हेच सांगतो. कोणी पाहत असले की अंगवळणी पडलेली गोष्ट अधिक चांगली होते, परंतु जी अजून शिकत आहोत ती बिघडते. १९६९ मध्ये त्यांनी चक्क झुरळांवरही हे दाखवून दिले. इतर झुरळे ‘प्रेक्षक’ म्हणून बसवली असता सरळ वाटेवर झुरळ अधिक वेगाने धावले, वळणाच्या वाटेवर मात्र रेंगाळले. कसलेल्या खेळाडूला भरलेले स्टेडियम बळ देते. दहा वर्षांच्या मुलाला कट्ट्यावरची दोन ओळखीची माणसेही जड होऊ शकतात.

त्यात सूचनांची भर पडली की अडचण वाढते. २००० साली मायकेल लँड व पीटर मॅकलिऑड यांनी वेगवेगळ्या दर्जाच्या तीन फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून त्यांची नजर टिपली. फलंदाज चेंडूवर सतत नजर ठेवत नाही. चेंडू सुटताना तो पाहतो आणि मग नजर टप्पा पडेल त्या जागी आधीच उडी घेते. जो फलंदाज जितका चांगला, त्याची ही उडी तितकी लवकर. सारा व्यवहार अर्ध्या-पाऊण सेकंदाचा. हे शहाणपण शब्दांत मावत नाही. हजारो चेंडू स्वत: खेळून, स्वत: चुकून ते अंगात उतरते. रिच मास्टर्स यांच्या १९९२ च्या गोल्फवरील प्रयोगात नियम पाठ करून शिकलेले खेळाडू ताण येताच कोलमडले. नियमांच्या ओझ्याविना शिकलेले मात्र बऱ्यापैकी टिकले. ऐन प्रसंगी ‘कोपर वर, पाय पुढे’ असे मनाशी घोकणारा मुलगा चेंडू पाहायचे विसरतो.

शिवाजी पार्कलगतच्या समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. खांबावर उलट्या झालेल्या मुलाला पकड केव्हा सोडायची हे खालून कोणीही सांगू शकत नाही. शिक्षक शिकवतो, आधार देतो, पण तो क्षण मुलाचाच असतो. या खेळात कोटींचे लिलाव नाहीत. तरीही मुले-मुली वर्षानुवर्षे येत राहिली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच शिवाजी पार्कवर भरली. त्यासाठी झटणारे उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. आंतरिक ओढीवर एक अख्खा खेळ तगू शकतो, याचे हे आपल्या दारचे उदाहरण आहे.

घामाचा हिशेब

यावर कोणी म्हणेल, आचरेकर सर काही मऊ नव्हते. सराव बुडवून दुसऱ्यांचा सामना पाहण्यास गेलेल्या सचिनला त्यांनी कसे फैलावर घेतले, हे त्यानेच सांगितले आहे. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असे खेळ, हा त्या रागाचा आशय होता. आक्षेप रास्त आहे. परंतु शिस्त आणि सक्ती यांत भेद आहे. मुलाने स्वत: निवडलेल्या वाटेवर त्याला चालते ठेवणे ही शिस्त; आपण निवडलेल्या वाटेवर त्याला ढकलणे ही सक्ती. शारदाश्रम शाळेत जाण्याचा विषय निघाला तेव्हा, खरोखरच मनापासून खेळायचे असेल तरच शाळा बदल, असे प्रा. रमेश तेंडुलकर यांनी मुलाला सांगितल्याचे आत्मचरित्रात नमूद आहे. निवड आधी झाली, कठोरपणा नंतर आला. हा क्रम उलटला की तोच कठोरपणा मुलाला मोडतो.

दुसरा गैरसमज तासांच्या गणिताचा आहे. दहा हजार तास घातले की कोणीही शिखरावर पोहोचतो, असा समज काही पुस्तकांनी रुजवला. मूळ संशोधन अँडर्स एरिक्सन यांचे, १९९३ चे, आणि तेही व्हायोलिनवादकांवरचे. २०१४ साली ब्रुक मॅकनामारा व सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र केले, तेव्हा खेळाडूंच्या कामगिरीत जो फरक दिसतो त्यापैकी सुमारे १८ टक्क्यांचाच उलगडा हेतुपूर्वक केलेल्या सरावाने होतो, असे दिसले. बाकी शरीरयष्टी, वय, संधी, मार्गदर्शक, दैव असे बरेच काही. सरावाविना कोणी मोठा झाला नाही हे खरे. पण सराव केला म्हणून प्रत्येक जण भारताकडून खेळेल असे नाही. शिवाजी पार्कवरील बहुसंख्य मुले भारताकडून खेळणार नाहीत. तेव्हा त्यांच्या घामाचे काय, हा आपला खरा प्रश्न असला पाहिजे.

याचे उत्तर शारदाश्रमच्याच इतिहासात आहे. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपान्त्य सामन्यात सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज पॅड बांधून वाट पाहत बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. तो अमोल मुझुमदार. १९९४ साली मुंबईकडून रणजी पदार्पणात त्याने २६० धावा काढल्या, प्रथम श्रेणी सामन्यांत ११ हजारांवर धावा केल्या, पण भारताची कसोटी टोपी त्याच्या वाट्याला आली नाही. परतावा हाच निकष मानला तर हा तोट्याचा व्यवहार. परंतु मुझुमदार यांनी खेळ सोडला नाही. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी प्रथमच एकदिवसीय विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाचे मुख्य प्रशिक्षक तेच होते. प्रत्येक हुकलेल्या संधीनंतर विश्वचषक मिळतो असे नव्हे. पण खेळाशी जडलेले नाते बक्षिसावर अवलंबून नसले, तर ते बक्षीस हुकल्यावरही टिकते आणि केव्हा तरी समाजाच्या कामी येते.

पालकांनी काय करावे? सामना संपल्यावर ‘किती केल्यास?’ याऐवजी ‘आज काय जमले?’ असे विचारावे. धावांना भाव लावू नये. द्यायचेच असेल तर न सांगता, सहज द्यावे. सराव सुरू असताना कट्टा सोडून पार्काला एक फेरी मारावी. तेवढ्यात मूल स्वत:च्या दोन चुका करील आणि त्यांतून चार गोष्टी शिकेल. वर्षातून एकदा तरी त्याला मोकळेपणाने विचारावे, तुला खरोखर खेळायचे आहे ना? उत्तर ‘नाही’ आले तर ते ऐकण्याची तयारी ठेवावी. प्रशिक्षकांनीही फीचा हिशेब करताना, आपल्या नेटमधली किती मुले दहा वर्षांनंतरही मैदानाकडे फिरकतात, याचा हिशेब ठेवावा.

आचरेकर सरांच्या जयंतीदिनी, ३ डिसेंबर २०२४ रोजी, शिवाजी पार्कवर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. तेथून जाताना आपण नमस्कार करतो, तो योग्यच आहे. पण सरांचे खरे स्मरण करायचे असेल, तर मुलाला पाहायचे, आणि त्याला मात्र आपण पाहत आहोत हे जाणवू द्यायचे नाही, ही त्या झाडाआडची रीत आपण शिकली पाहिजे.