दौऱ्यावरचा पोकर आणि पेढीचा पैसा

कापडाच्या धंद्यात दौरा चुकत नाही. भिवंडी-मालेगावचा माणूस सुरतेला जातो, इचलकरंजीचा अहमदाबादला, आणि आता तर काही सूतवाले आपल्या गिऱ्हाइकांचा मेळावा गोव्यातच भरवतात. दिवसा नमुने, दर, उधारीची मुदत. रात्री मांडवी नदीतल्या जहाजावर जेवण. त्या जेवणाच्या तिकिटातच थोड्या चिप्स मिळतात. या वाटेने आमच्या बिरादरीतली काही तरुण मंडळी पोकरच्या टेबलापर्यंत पोहोचली आहेत. हटकले की उत्तर तयार असते : चाचा, रुलेट जुगार आहे हे कबूल, पण पोकर हा डोक्याचा खेळ आहे.

हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. पोकरमध्ये प्रत्येकाच्या हाती दोन झाकलेली पाने असतात, मधोमध पाच पाने उघडी होतात. समोरच्याचा चेहरा वाचायचा, बोली चढवायची की पाने टाकायची हे ठरवायचे. यात अक्कल लागतेच. पोकर कौशल्याचा की नशिबाचा यावर न्यायालयांचेही एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली तो नशिबाचा खेळ ठरवला, कर्नाटकात २०१३ साली निकाल दुसरीकडे झुकला होता. पण न्यायालयापुढे प्रश्न असतो गुन्हा घडला की नाही एवढाच. व्यापाऱ्याने विचारायचा प्रश्न निराळा : हा पैसा येतो कोठून?

पोकरमध्ये कॅसिनो स्वतः खेळत नाही. तो बाजूला बसून जमलेल्या रकमेतून आपली काटछाट घेतो. समजा, डावामागे सरासरी २०० रुपये निघाले आणि तासाला २५ डाव झाले. तासाचे ५,००० झाले, आठ तासांचे ४०,०००. टेबलावर नऊ जण बसले असतील तर नऊ जणांनी मिळून आणलेली रक्कम पहाटेपर्यंत ४०,००० ने घटली. जिंकणाऱ्याच्या हाती आले ते शेजाऱ्याच्या खिशातून आले, आणि तेही दलाली कापून. आम्ही तागा विकतो तेव्हा गिऱ्हाइकाकडे कापड जाते, आमच्याकडे दाम येतो. दोघेही काही घेऊन उठतात. इथे एक उठतो तो दुसऱ्याला रिकामे करूनच. उलेमा ज्याला किमार म्हणतात ते हेच. दोन्ही बाजूंचा पैसा पणाला लागला आणि एकाचे नुकसान हाच दुसऱ्याचा नफा झाला, की त्यात अक्कल किती होती हे कोणी विचारत नाही.

आणि अक्कल तरी कोणाची? ५२ पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांत दोन एक्क्यांच्या फक्त सहा. म्हणजे सरासरी २२१ डावांत एकदा. तासाला २५ डाव धरले तर जवळजवळ नऊ तास झाले. एका रात्रीत नशीब इतके वरखाली होते की कौशल्य दिसायला हजारो डाव लागतात. ते हजारो डाव खेळलेला माणूस त्याच टेबलावर बसलेला असतो. तो रोजचा आहे. आपण दिवसभर बाजार फिरून, थकून, एका रात्रीसाठी आलेले. सुताचा काउंट आमच्या बोटांना कळतो, कारण त्यात उमर गेली. काल बाजारात आलेला माणूस आमच्याशी काउंटवर पैज लावू लागला तर त्याला आपण काय म्हणू?

याहून विचार करण्यासारखी गोष्ट कॅसिनोच्या दरवाजावर आहे. गोव्याने १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे येऊ दिली आणि १९९६ साली जहाजांवरील खेळांना वाट दिली. पुढे याच गोव्याने १ फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना कॅसिनोत खेळायला जाण्याची बंदी केली. नेपाळात कॅसिनो आहेत, पण नेपाळी नागरिकाला आत प्रवेश नाही. गिऱ्हाईक मुख्यतः आपल्याकडचे. सिंगापूरचा नागरिक आत जायचा तर त्याला २४ तासांचे १५० डॉलर भरावे लागतात, परदेशी माणसाला मात्र पासपोर्ट दाखवला की दार फुकट उघडे. मोनॅकोच्या प्रसिद्ध कॅसिनोत मोनॅकोचाच नागरिक खेळू शकत नाही. मकाऊतही सरकारी नोकरांना चिनी नववर्षाचे पहिले तीन दिवस सोडले तर कॅसिनो बंद.

आपल्या लेकरांना ज्या दारातून आत जाऊ द्यायला ही सरकारे तयार नाहीत, ते दार परगावच्या माणसासाठी रात्रभर उघडे असते. परगावचा माणूस म्हणजे पुष्कळदा कोण? दौऱ्यावरचा व्यापारी. खिशात दुसऱ्याचा पैसा, रात्र मोकळी, ओळखीचे कोणी नाही, आणि सकाळी गावी निघून जाणारा. महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला. त्याबद्दल सरकारला शाबासकी द्यायला आमची हरकत नाही. पण आमच्या गावात कॅसिनो नाही म्हणून आमचा पैसा सुरक्षित आहे असे कोणी समजू नये. तो सावंतवाडीच्या पुढे जातो.

‘खिशात दुसऱ्याचा पैसा’ असे आम्ही म्हटले ते सहज नव्हे. कापड विकून खात्यात जमा झालेल्या रकमेत सूतवाल्याचे देणे असते, सायझिंगचे बिल असते, विजेचे बिल असते, विणकराचा आठवड्याचा पगार असतो. उरते ते भागीदारांचे, त्यांत एखाद्या बेवा बहिणीने विश्वासाने घातलेली रक्कमही असते. पूर्वी दौऱ्यावर रोकड मोजून न्यावी लागे, ती संपली की माणूस थांबे. आता पेढीचे चालू खाते फोनमध्येच असते.

आमच्या फिकहने या दौऱ्याच्या खर्चाचा विचार शेकडो वर्षांपूर्वी केलेला आहे. एकाचे भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत अशी जी मुजारबत, तिच्यात मेहनत करणारा आपल्या गावी असेल तर त्याचे जेवणखाण त्याच्या स्वतःच्या खिशातून. तो व्यापारासाठी सफरीवर निघाला तर खाणे, पिणे, कपडे आणि वाहन यांचा रिवाजाप्रमाणे होणारा खर्च भांडवलातून घेता येतो. हनफी फकीहांनी इतका बारीक काता काढला आहे की सफरीत आजारी पडला तर औषधाचा खर्च बहुतेकांच्या मते त्याने स्वतः सोसावा. जिथे औषधाला ही शिस्त, तिथे पोकरच्या चिप्स ‘प्रवासखर्च’ या खात्यात कशा बसतात, हे आम्हाला कोणी समजावून सांगावे. परवानगीबाहेर जाऊन भांडवल उडवले तर भरपाई मुजारिबवर येते. मुसाफिराला सवलती आहेत, नाहीत असे नाही. चार रकाअतींच्या दोन होतात, रोजा पुढे ढकलता येतो, अडल्यानडल्यास जकातीतही वाटा आहे. किमारला सवलत आमच्या वाचनात आलेली नाही. सूरह माइदात शराब आणि जुगार यांची नावे शेजारी-शेजारी आली आहेत; त्या जहाजावर ती दोन टेबलेही शेजारीच असतात.

जिंकलेल्या पैशाचेही सांगून टाकू. तो ज्याचा त्याला परत करायचा, ते शक्य नसेल तर सवाबची नियत न ठेवता गरिबाला देऊन मोकळे व्हायचे. मशिदीच्या पेटीत टाकून तो पाक होत नाही.

सरकारी हिशेबही पाहून घ्यावा. कॅसिनोवर १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. आमच्या कापडावरच्या ५ टक्क्यांसाठी आपण किती ओरडतो! जिंकले तर ३० टक्के आयकर आणि वर उपकर, हरलेली रक्कम त्यातून वजा मिळत नाही. जहाजावर मित्राला दोन लाख उसने दिले आणि तो फिरला तर? पैजेच्या करारावर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे दावा चालत नाही. जुन्या मुंबई इलाख्यातला १८६५ चा कायदा तर जुगाराला जाणूनबुजून मदत म्हणून केलेला करारही रद्द ठरवतो. चीनला कापड पाहायला जाणाऱ्यांसाठी एक वेगळा इशारा : ग्वांगझूहून मकाऊ जवळ वाटते, पण व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर मकाऊत पाऊल टाकले की चीनमधून बाहेर पडल्यासारखे होते आणि ऑर्डर अर्ध्यावर राहते.

आता करायचे काय, तर पेढीवरून मुलगा किंवा भाचा दौऱ्यावर निघाला की त्याच्या हाती वेगळे कार्ड द्यावे, त्यात दौऱ्यापुरतीच रक्कम ठेवावी आणि चालू खात्याची चावी घरीच राहू द्यावी. परतल्यावर आठ दिवसांत खर्च रोजमेळात चढावा आणि तो भागीदारांनी बघावा. यात अविश्वास कसला? फकीहांनीही हिशेब मागितलाच होता. मेळाव्याचे आमंत्रण आले तर दिवसाच्या बैठकीला जरूर जावे, आणि रात्रीच्या जहाजाला आमच्याकडे हे चालत नाही असे साफ सांगावे. एवढ्यावरून सूतवाला दर चढवत नाही. त्याला आपला चेक वटल्याशी मतलब. आमच्या व्यापारी मंडळांनी तर कंपन्यांना लेखी कळवावे की पुढचा मेळावा सुरतेला ठेवा. बाजारही बघून होईल, आणि गुजरातेत दारूबंदीही आहे.