"कसून तपासणी" म्हणजे नेमकं काय?

कुठे मोठा हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी टीव्हीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "बाहेरून येणाऱ्यांची कसून तपासणी झालीच पाहिजे." ऐकायला बरं वाटतं, आणि त्यात चूकही काही नाही. पण 'कसून' म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना क्लायंट म्हणाला की "सिस्टीम सिक्युअर करा", तर आमचा पहिला प्रश्न असतो, कशापासून? एप्रिल २०२५ मध्ये तहव्वूर राणाला अमेरिकेतून भारतात आणलं, तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात घोळतोय. म्हणून या वीकेंडला हाच विषय.

उदाहरण आपल्या मुंबईचंच घेऊ. २००८ च्या २६/११ ला १६६ माणसं गेली. मारणारे दहा जण समुद्रातून आले, त्यांनी कुठल्याच काउंटरवर पासपोर्ट दाखवला नाही. पण त्याआधी दोन वर्षं एक माणूस रीतसर व्हिसा घेऊन मुंबईत येत होता, ताजमध्ये राहत होता, जागांचे व्हिडिओ काढत होता. डेव्हिड कोलमन हेडली.

हा मूळचा दाऊद गिलानी. जन्म वॉशिंग्टनचा, वडील पाकिस्तानी, आई अमेरिकन. फेब्रुवारी २००६ मध्ये त्याने फिलाडेल्फियात कायदेशीररीत्या नाव बदललं आणि मग शिकागोच्या भारतीय वकिलातीत व्हिसासाठी अर्ज केला. अर्जात जन्माचं नाव, वडिलांचं नाव आणि येण्याचं कारण, तिन्ही खोटं. पासपोर्ट मात्र अस्सल, आणि अमेरिकन पासपोर्टवर आईवडिलांची नावं छापतच नाहीत. बिझनेस व्हिसा मिळाला. आता बिझनेस कोणता, तर राणाच्या 'फर्स्ट वर्ल्ड इमिग्रेशन सर्व्हिसेस'चं मुंबईतलं ऑफिस. म्हणजे लोकांना परदेशी जायला मदत करणारं ऑफिस! हल्ल्याआधी तो पाच वेळा येऊन गेला, आणि हल्ल्यानंतर मार्च २००९ मध्ये पुन्हा एकदा आला.

त्या काउंटरवर मी असतो तर? गोरागोमटा अमेरिकन, फॉर्म पूर्ण भरलेला, फी भरलेली. मीही शिक्का मारला असता.

मग त्याच्याबद्दल माहिती कुठेच नव्हती का? भरपूर होती. गिलानी या नावावर अमेरिकेत हेरॉईनच्या दोन प्रकरणांत शिक्षा झालेली होती. नंतर तो तिथल्याच अंमली पदार्थ विरोधी खात्याचा खबरी झाला. २००५ मध्ये त्याच्या न्यूयॉर्कमधल्या बायकोने तपास यंत्रणांना सांगितलं होतं की याचे लष्कर-ए-तैयबाशी संबंध आहेत. दुसऱ्या एका बायकोने हल्ल्याच्या काही महिने आधी इस्लामाबादच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन तेच सांगितलं. थोडक्यात काय, डेटा होता, पण एका डेटाबेसमधून दुसऱ्यात गेलाच नाही. फॉर्ममध्ये आणखी पाच रकाने वाढवून हा बग सुटला नसता, कारण रकाने भरणारा तोच होता.

ऑक्टोबर २००९ मध्ये हेडली शिकागोच्या विमानतळावर पकडला गेला. मग आपण काय केलं? त्या वर्षाच्या अखेरीला नियम आला: टुरिस्ट व्हिसावर येऊन गेलेल्या परदेशी माणसाने दोन महिने पुन्हा यायचं नाही. आता गंमत बघा. हेडलीचा व्हिसा होता बिझनेसचा! फटका बसला तो भारतात मुक्काम ठेवून नेपाळ-श्रीलंका फिरून परत येणाऱ्या पर्यटकांना. शेवटी २०१२ च्या अखेरीला पाकिस्तान, चीन, इराण वगैरे मोजके देश सोडून बाकीच्यांसाठी तो नियम काढावा लागला.

अमेरिकेनेही ९/११ नंतर हेच केलं होतं. २००२ मध्ये २५ देशांतल्या पुरुषांची खास नोंदणी सुरू झाली. यातले चोवीस देश मुस्लिमबहुल होते, पंचविसावा उत्तर कोरिया. आधीच देशात राहणाऱ्या ऐंशी हजारांहून जास्त लोकांनी रांगा लावून बोटांचे ठसे दिले, सुमारे तेरा हजारांवर हद्दपारीची कारवाई सुरू झाली. दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा मात्र त्यातून एकालाही झाल्याचं पुढे आलं नाही. आणि त्याच मार्च २००२ मध्ये, हल्ल्याला बरोबर सहा महिने झाले त्या दिवशी, फ्लोरिडातल्या फ्लाइंग स्कूलला इमिग्रेशन खात्याची कागदपत्रं पोचली: मोहम्मद अट्टाचा विद्यार्थी व्हिसा मंजूर!

यावर एक मित्र म्हणाला, "अरे, हजारो लोकांना थोडा त्रास झाला तर बिघडलं काय? एक जरी सुटला तरी किती माणसं जातात!" मुद्दा खरा आहे, म्हणून हिशोबच करू. समजा दहा लाख अर्ज आहेत, त्यात दहा जण घातक आहेत, आणि आपली चाळणी ९९ टक्के अचूक आहे. दहाही पकडले जातील म्हणा. पण त्यांच्याबरोबर सुमारे दहा हजार निरपराध लोकही 'संशयित' ठरतील. आता ते दहा जण त्या दहा हजार फायलींच्या ढिगात आहेत, आणि फायली वाचणारे अधिकारी तेवढेच. म्हणजे जाळं जितकं ढोबळ, तितकी खऱ्या माणसाकडे लक्ष जायची शक्यता कमी. त्रास निरपराध लोकांना होतोच, शिवाय सुरक्षाही कमी होते.

आपल्याला २२१(जी)ची चिठ्ठी मिळाली, आठवडेच्या आठवडे 'प्रोसेसिंग' चाललं की आपण अमेरिकेला शिव्या घालतो. पण आपला फॉर्मही आजी-आजोबा पाकिस्तानी होते का, हे विचारतो. मँचेस्टरमध्ये जन्मलेला आमचा एक टेस्टर केवळ आजोबा कराचीचे म्हणून महिनोन्महिने लटकला. पुण्याच्या रिलीजला तो पोचलाच नाही. त्याला सांगायला माझ्याकडे काही उत्तर नव्हतं.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला २६ जण मारले गेले, त्यात महाराष्ट्रातले सहा. राग येणारच, मलाही आला. काही दिवसांत पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, उपचारांसाठी आलेल्यांचेसुद्धा. दोन देशांतल्या भांडणात असा निर्णय घ्यायचा सरकारला हक्क आहे. पण त्याला सुरक्षा तपासणी म्हणू नये. गोळ्या झाडणारे व्हिसा घेऊन आले नव्हते.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी. नाव बदललं का, हे अर्जदाराला विचारण्याऐवजी पासपोर्ट देणाऱ्या देशाकडून थेट मिळवावं. बिझनेस व्हिसावर आलेल्याचा बिझनेस खरंच चालतो का, हे कधीतरी कोणीतरी जाऊन पाहावं. आणि हल्ल्यानंतरच्या घाईत केलेल्या प्रत्येक नियमाला एक्स्पायरी डेट असावी. ती आली की सरकारने दाखवावं, या नियमाने किती जण पकडले आणि किती जण अडवले.

यातलं टीव्हीवर सांगण्यासारखं काही नाही, हे कबूल. पण पुढचा हेडली येईल तेव्हा त्याचाही फॉर्म व्यवस्थित भरलेला असेल.